कोपरे कापलेली गोळी

गुरुपाद अप्पांनी सदऱ्याची दोन बटणं काढली आणि तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला. गळ्यातल्या दोऱ्याला असलेली चांदीची डबी त्यांनी मुठीत धरली.

"हे निघत न्हाई, बाई."

मशीनजवळच्या बाईंनी कागदातून मान वर केली. "आजोबा, पोटाचा सीटी स्कॅन आहे. धातू मधे आला की फोटो बिघडतो. सुनेकडं द्या, पाच मिनिटांत परत घाला."

"निघत न्हाई म्हंजे आमी काढीत न्हाईत. इष्टलिंग हाय. आंघोळीला अंगावर, झोपताना अंगावर. माती देतानाबी संगंच जातंय."

ईश्वरी दाराशी उभी होती. एका हातात रिपोर्टांची थैली, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. ती बाटली सकाळपासून तिनं तीनदा भरून आणली होती. सासऱ्यांनी दोन घोट घेतले होते, बाकी सगळं पाणी तिच्याच पोटात गेलं होतं.

"म्याडम, हात कुठं ठेवायचे असतेत?" तिनं विचारलं.

"डोक्याच्या वर."

"मग डाव्या मुठीत धरू द्या की. पोटापासून लांबच ऱ्हाईल."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मूठ खाली आणायची नाही आणि हलायचं नाही. जमेल आजोबा?"

"बावीस वर्षं झाली, सप्त्यात विणा घेऊन उभं ऱ्हातेत," ईश्वरी म्हणाली. "माशी बसली तरी हलत न्हाईत."

बाई हसल्या. अप्पाही किंचित हसले. दोरा गळ्यातून काढताना त्यांनी डोळे मिटून घेतले, डबी कपाळाला लावली आणि डाव्या मुठीत घट्ट धरली. उजव्या हाताला सुई लावता लावता बाईंनी विचारलं, "साखरेची गोळी चालू आहे ना? शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी. पूजा झाल्यावर," उत्तर ईश्वरीनंच दिलं.

"ठीक. आता नीट ऐका. या सुईतून रंगाचं औषध जाईल, फोटोत आतलं स्पष्ट दिसावं म्हणून. ते किडनीवाटे बाहेर पडतं. यांच्या किडनीचा आकडा आधीच जरा वर आहे, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलंय, साखरेची ही मेटफॉर्मिनची गोळी आजपासून बंद. पूर्ण दोन दिवस. परवा दुपारी इथं येऊन रक्त तपासायचं आणि डॉक्टर म्हणतील तेव्हाच सुरू करायची. आपल्या मनानं नाही."

"कावून?"

"किडनी दमली तर गोळी बाहेर पडत नाही, अंगातच साठते. मग रक्तात आम्ल वाढतं. क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर येतं. पाणी भरपूर पाजा. साखर घरी तपासता येते ना? तीनशेच्या वर गेली तर तशाच घेऊन या."

"मी बघते," ईश्वरी म्हणाली. "सगळं मी बघते."

अप्पा पाठीवर निजले होते. डोळे छताकडं.

"दोन दिवस खंड?" त्यांनी विचारलं.

"हो आजोबा, दोनच दिवस."

मशीन घरघरलं. रंगाचं औषध नसेतून गेलं तेव्हा गळ्यापासून ओटीपोटापर्यंत एक ऊन लाट गेली, पण अप्पांची मूठ तशीच राहिली. बाहेर आल्यावर त्यांनी आधी डबी गळ्यात घातली आणि मगच चपला शोधल्या.

अंबाजोगाईहून युसूफ वडगावच्या गाडीत दोघांना खिडकीची जागा मिळाली. केज तालुक्यातला तो सपाट, तांबूस माळ मागं जात होता. ज्वारी काढणीला आली होती. अप्पा डबीवरून बोट फिरवत बाहेर पाहत होते. मग म्हणाले,

"अकरा वर्षं."

"काय अप्पा?"

"काई न्हाई."

ईश्वरीनं पुन्हा विचारलं नाही. कसली अकरा वर्षं ते तिला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

अप्पांना साखर निघाली तेव्हा त्यांनी गोळीला साफ नकार दिला होता. विभूती लावतो, शिवनाम घेतो, आणखी औषध कशाला, असं म्हणून ते दुकानात जाऊन बसले. किराणा दुकान, सकाळी सात ते रात्री आठ. जगदेवी आत्याबाईंनी, म्हणजे ईश्वरीच्या सासूबाईंनी, दोन दिवस वाद घातला. तिसऱ्या दिवशी वाद घातला नाही. अप्पांची लिंगपूजा झाली, त्यांनी तीर्थासाठी तळहात पुढं केला, आणि आत्याबाईंनी त्या तळहातावर तीर्थाच्या आधी गोळी ठेवली.

"हे काय?"

"तीर्थासंगं आलं त्ये प्रसाद. प्रसादाला न्हाई म्हनत्यात का कुनी?"

त्या दिवसापासून तीर्थ, गोळी आणि लगेच भाकरी, असा क्रम ठरला. पुढं एकदा गोळीच्या पट्टीचा कोपरा अप्पांच्या बोटाला टोचला आणि ती जखम महिनाभर चिघळली. तेव्हापासून आत्याबाई दर आठवड्याला पट्टी घेऊन बसायच्या. लहान कात्रीनं एकेक गोळी वेगळी कापायच्या आणि चारी कोपरे गोल करायच्या. सप्त्यात विणेकरी जसा पहारा बदलताना विणा भुईला टेकू देत नाही, तसा अप्पांनी गोळीचा हा नेम धरला होता. सोयऱ्यांच्या लग्नात, तापात, इतकंच काय, आत्याबाईंना माती दिली त्या दिवशीसुद्धा. दोन वर्षांपूर्वी आत्याबाई गेल्या तेव्हा शेवटी शुद्धीवर असताना त्यांनी दुकानाचं विचारलं नाही, लेकाचं विचारलं नाही. म्हणाल्या, "माझ्या मागं खंड पडू देऊ नका."

त्यानंतर कोपरे अप्पा स्वतःच कापू लागले.

घरी पोचल्या पोचल्या ईश्वरीनं देवळीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या उचलल्या आणि लग्नातल्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवून कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवली. दुकानातून आलेल्या तिच्या नवऱ्यानं, केदारनाथनं, ते पाहिलं.

"आगं, कुलूप कशाला? अप्पा काय लेकरू हाय का?"

"लेकरू असतं तर कुलूप लागलंच नसतं. चापट मारून सांगता आलं असतं."

केदारनाथ हसला. "आन् फोटोत काय निघालं?"

"परवा सांगणार हायेत. रक्ताच्या वेळीच."

तो आणखी काही विचारणार होता, पण तिनं भांड्यातलं पाणी उभ्याउभ्याच पिऊन टाकलं, रिकामं भांडं पालथं घातलं आणि ती चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांची पूजा नेहमीच्या वेळेला झाली. ईश्वरी भाकरी थापत होती, तिला आतून मंत्राचे शब्द ऐकू येत होते आणि मधल्या थांबण्यावरून आता विभूती, आता बेल, आता तीर्थ, हे कळत होतं. ताट वाढताना ती म्हणाली,

"अप्पा, आज गोळी न्हाई बरं का."

"तू दिली न्हाईस, मी मागितली न्हाई."

त्यांनी भाकरी मोडली. साखर तपासली तर ती दोनशेच्या आतच होती. ईश्वरीला बरं वाटलं.

दुपारी सुंदरराव आले. अप्पांच्याच वयाचे, भजनातले जोडीदार. शुक्रवारपासून देवळात अखंड शिवनाम सप्ता बसणार होता आणि पहाऱ्याची यादी त्यांच्या खिशात होती.

"गुरप्या, तुला मशीनीत घालून काढला म्हणं. आत काय दिसलं बे? कैलास दिसला का?"

"तूच दिसला. म्हणून तर आंग गरम झालं."

"हसू नको. तोंड किती उतरलंय बघ तुझं. दोन ते चारचा पहारा औंदा दुसऱ्याला देऊ का?"

"कावून देतो? मी मेलो का?"

"तसं न्हाई रं बाबा. दोन तास उभं ऱ्हायचं असतंय."

"बावीस वर्षं उभं कोन ऱ्हायलं? तुझा बाप का?" अप्पा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुंदर, एकदा धरलं की खाली ठिवायचं न्हाई. नाव लिव्ह माझं."

सुंदररावांनी नाव लिहिलं. जाताना ओट्यावर ईश्वरीजवळ थांबले. नुसती मान हलवली. अप्पांचा सदरा खांद्यावर कसा लोंबतोय ते त्यांनीही पाहिलं होतं.

बुधवारी सकाळी पूजा आटोपून अप्पा अंगणात उन्हाला बसले. दुपारी रक्त द्यायला जायचं होतं. ईश्वरी पूजेची जागा आवरायला गेली. कालचा आणि आजचा बेल, सुकलेली फुलं, सगळं तिनं परडीत ओढलं आणि एकदम हात मागं घेतला. हिरव्या पानांत काहीतरी चमकलं होतं.

चांदीच्या कागदाचे बारीक तुकडे. नखाएवढे, तीन कोनांचे. तिनं ते एकेक करून तळहातावर घेतले. आठ होते.

ती तशीच ट्रंकेकडं गेली. कुलूप जागेवर. लुगड्याखाली पट्ट्या जशाच्या तशा, एकही गोळी कमी नव्हती. ती क्षणभर ट्रंकेपाशी बसून राहिली आणि मग तिच्या डोळ्यांपुढं कोनाड्यातला तो पितळी डबा आला.

आत्याबाईंचा पानाचा डबा. त्या गेल्यापासून तो कुणी उघडत नव्हतं. आत अडकित्ता होता, लहान कात्री होती, चुन्याची वाळून दगड झालेली डबी होती. आणि कुणी उघडत नाही म्हणूनच ईश्वरीनं आठ महिन्यांपूर्वी त्यात याच गोळ्यांची एक पट्टी ठेवली होती. बरोबर दवाखान्याची घडी घातलेली चिठ्ठी. गावात साखर तपासणीचं शिबिर आलं होतं, शेजारणीनं ओढून नेलं म्हणून तिनंही बोट पुढं केलं होतं. पुढं केजला एकदा रक्त तपासून आली. रोज एक, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं. वरच्या ओळीत तिचं नाव.

तिनं डबा उघडला. पट्टीतल्या दोन जागा रिकाम्या होत्या, कात्रीनं नीट कापलेल्या. चिठ्ठीची घडी तिनं आडवी घातली होती, आता ती उभी होती.

अप्पा अंगणात डोळे मिटून बसले होते. ईश्वरी त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं तळहात उघडला.

"अप्पा, दोन घेतल्या?"

त्यांनी चमकत्या तुकड्यांकडं पाहिलं. लपवायला काही गेले नाहीत.

"कालची एक, आजची एक."

"तुमाला सांगितलंतं ना त्यांनी. तुमच्या समोर सांगितलं."

"त्या बाईनं औषध बंद करा म्हणलं, माय." त्यांचा आवाज शांत होता, समजावून सांगितल्यासारखा. "ह्ये औषध न्हाई. नेम हाय."

 तिनं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला, नाडी पाहावी तसा. "उलटी झाली का? दम लागतोय का?"

"थोडं मळमळतंय सकाळपासून. काई न्हाई."

ती उठली ती धावतच दुकानात गेली. अर्धवट जोखलेली डाळ तागडीतच ठेवून केदारनाथनं दुकानाचं शटर ओढलं.

अंबाजोगाईला डॉक्टरांसमोर ती अडखळली नाही. अप्पांनी दोन गोळ्या घेतल्या, कधी घेतल्या, मळमळ कधीपासून, सगळं सांगितलं. "माझी चूक झाली. बघते म्हणले आन् बघितलं न्हाई." डॉक्टर तरुण होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खरं सांगितलंत ते बरं झालं. न सांगणारेच जास्त असतात." रक्त घेतलं, आम्लाचंही तपासायला दिलं.

किडनीचा आकडा एक पूर्णांक सहावरून तीनच्या पुढं गेला होता. आम्ल वाढायला लागलं होतं, पण हाताबाहेर गेलं नव्हतं. अप्पांना तिथंच दाखल करून घेतलं. सलाईन चालू झालं, लघवी मोजायला भांडं दिलं, साखरेसाठी इन्सुलिन.

शुक्रवारी गावात सप्ता बसला. दुपारी दोन वाजता अप्पांनी वॉर्डातल्या घड्याळाकडं पाहिलं. चार वाजेपर्यंत ते कुशीवर वळले नाहीत. डावा हात छातीवर उभा, बोटं अर्धी मिटलेली, जणू विणेचा दांडा धरला आहे. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं ईश्वरीला विचारलं, "ह्यांच्या हाताला काय झालंय?"

"काई न्हाई मावशी. पहाऱ्यावर हायेत."

शनिवारी डॉक्टरांनी केदारनाथला व्हरांड्यात नेलं. ईश्वरीही मागोमाग गेली. बुधवारी मिळायचा राहिलेला फोटोचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. पोटात, स्वादुपिंडावर गाठ होती आणि ती तिथंच थांबलेली नव्हती. यकृतावर ठिपके होते.

"ह्ये त्या गोळ्यांनी झालं का?" केदारनाथनं विचारलं. विचारताना त्यानं बायकोकडं पाहिलं नाही, आणि न पाहणंच तिला जास्त लागलं.

"नाही. गाठ कितीतरी महिन्यांची आहे. किडनीला त्रास झाला तो रंगाच्या औषधानं. गोळी त्यात अंगात राहिली म्हणून धोका वाढला होता, तो टळला. आकडा खाली येतोय, पण पहिल्याइतका येणार नाही. ती गोळी आता कायमची बंद, इन्सुलिनवर ठेवू." ते थांबले. "गाठीचं मात्र... मोठ्या दवाखान्यात दाखवायचं तर चिठ्ठी देतो. पण मी खोटी आशा लावणार नाही. दुखू नये एवढं आपल्याला नक्की करता येईल."

"किती दिवस?"

"दोन महिने. फार तर तीन."

केदारनाथनं भिंतीला हात टेकला. मग म्हणाला, "त्यांना सांगायचं न्हाई. आपल्यापुरतंच ठिवायचं."

ईश्वरीनं मान डोलावली.

गोळी कायमची बंद, एवढंच अप्पांना सांगितलं. ऐकून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. जेवण आलं, परत गेलं. संध्याकाळी केदारनाथ गावाकडं गेला तेव्हा ईश्वरी त्यांच्या उशाशी बसली होती, बाटलीतलं पाणी घोटाघोटानं पीत. अप्पा भिंतीकडंच पाहत म्हणाले,

"डब्यातली पट्टी तुझी?"

बाटली तिच्या ओठांपाशीच थांबली.

"मी जगदेवीच्या राहिलेल्या गोळ्या बघायला उघडला. वाटलं, तिनं कापून ठिवलेली एखादी असंल. तर पट्टी. चिठ्ठीवर तुझं नाव."

"हं."

"किती महिने?"

"आठ."

"एकबी घेतली न्हाईस?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. अप्पा वळले. तिच्याकडं पाहिलं.

"कावून, माय?"

"घरात एक बिमार हाय, आणखी दुसरी कशाला," ती म्हणाली. "आन् तसं काई दुखत न्हाई मला. तहान लागती तेवढी."

"केदारला ठाऊक हाय?"

"न्हाई."

अप्पा कोपरावर भार देऊन जरा वर सरकले. खिडकीबाहेर कुणीतरी रिक्षावाल्याला हाका मारत होतं.

"मी तुझ्या पट्टीतल्या दोन घेतल्या," शेवटी ते म्हणाले. "माझ्या नेमापायी. आन् तू आठ महिने एक घेतली न्हाईस. जगदेवी असती तर दोघांनाबी झोडपलं असतं."

ईश्वरीला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले.

"उद्या त्या डॉक्टरला बोट दाखव."

"दाखवते."

"मी बघते, मी बघते, असं नुसतं म्हणू नको. दाखव."

दुसऱ्या दिवशी तिनं दाखवलं. जेवणाआधीचीच साखर दोनशे ऐंशी निघाली. किडनी चांगली होती. डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी बाजूला सारून नवी लिहिली, तीच गोळी, रोज एक, जेवणाबरोबर, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी. केदारनाथनं ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि तो औषधाच्या दुकानात गेला. परत आला तो तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी अप्पांना घरी आणलं. वाटेत त्यांनी गाडी देवळापाशी थांबवायला लावली. दोन वाजून गेले होते. त्यांच्या पहाऱ्याला सुंदरराव उभे होते, खांद्यावर विणा, ओठांत नाम. मंडपात दुपारचं कीर्तन चाललं होतं. ईश्वरीनं अप्पांना खांबाला टेकवून बसवलं.

कीर्तनकार महाराज मध्यम वयाचे होते, आवाज उन्हातान्हात फिरून तापलेला. ते सांगत होते, "बाबांनो, सात दिवस विणा भुईला टेकली न्हाई. कुणी धरली? ह्यानं दोन तास, त्यानं दोन तास. कुणाचे पाय दुखले, कुणाला चक्कर आली, कुणी मधीच बिमार पडला. पण विणा कुणा एकाची होती का? विणा नामाची. ज्याला झेपली तवर त्यानं वागवली, न झेपली तवा दुसऱ्याच्या खांद्यावर दिली. देणाऱ्याचा नेम मोडला का? देवाच्या दारात इचारा. देव म्हंतो, आरं, खाली ठिवली असती तर मोडला असता. दिली, तर चालूच हाय." टाळ वाजले. "शिव शिव" असा गजर उठला.

सुंदरराव हळूहळू सरकत अप्पांजवळ आले आणि बसलेल्या अप्पांच्या खांद्यावर त्यांनी विणा ठेवली. स्वतःचा हात काढला नाही. अप्पांनी तार छेडली. एकदा, दोनदा. मग त्यांनीच मान हलवली.

"घे."

"ऱ्हाऊ दे की घडीभर."

"घे म्हंतो ना बे. पडंल."

सुंदररावांनी विणा उचलून परत खांद्याला लावली. अप्पांनी दोन्ही हात रिकामे करून मांडीवर ठेवले आणि कीर्तन संपेपर्यंत ते तसेच होते.

पुढच्या सकाळी अप्पांनी पूजा बसूनच केली. ईश्वरीनं बेल आणून दिला आणि भाकरीकडं वळली. आतून नाम ऐकू येत होतं, पहिल्यापेक्षा हळू, मधे दम घेत. विभूती झाली, बेल झाला, तीर्थ झालं. मग ऐकू यायचं थांबलं, आणि पानाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

पिठाचे हात तसेच घेऊन ती धावली.

"अप्पा, न्हाई हं!"

"हात धू," ते म्हणाले, "आन् पुढं कर."

तिला कळेना. तिनं हात धुतले, पदराला पुसले, उजवा तळहात पुढं केला. अप्पांनी त्यावर एक गोळी ठेवली, चांदीच्या कागदातून नुकतीच काढलेली. वर तांब्यातलं तीर्थ ओतलं. थोडं तीर्थ जमिनीवर सांडलं.

"तीर्थासंगं आलं त्ये प्रसाद," ते म्हणाले.

ईश्वरीनं गोळी तोंडात टाकली आणि तीर्थ घेतलं. घोट खाली गेला का, हे अप्पांनी तिच्या गळ्याकडं पाहून खात्री करून घेतलं.

"आता भाकर खा. आधी तू."

"खाते."

ती उठणार तेवढ्यात तिची नजर डब्यात गेली. अडकित्ता, चुन्याची डबी, सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. पितळी डबा काठोकाठ भरला होता. तीनही महिन्यांच्या पट्ट्या कापून झाल्या होत्या, एकेक गोळी वेगळी, प्रत्येकीचे चारी कोपरे गोल. अप्पांच्या आसनाभोवती चांदीच्या कागदाचा बारीक चुरा पडला होता. ते कधी उठून बसले असतील, आणि त्या थकलेल्या हातांनी त्यांना किती वेळ लागला असेल, ते तिला सांगता आलं नसतं.

"येवढ्या कशाला अप्पा? रोज एक कापायची की."

अप्पा कात्री पुसत होते. पुसून त्यांनी ती डब्याच्या कडेला खोचली आणि झाकण लावलं.

"आता कापल्या त्या कापल्या," ते म्हणाले. "मागनं तुला कोन कापून दील?"

ईश्वरीनं त्यांच्याकडं पाहिलं. ते बेलाची पानं गोळा करत होते, तोंडानं नाम चालू होतं. ती खाली बसली आणि आसनाभोवतीचा चमकता चुरा बोटानं एकेक करून परडीत गोळा करू लागली. चुलीवरच्या भाकरीचा करपल्याचा वास घरभर पसरला तरी तिच्याच्यानं उठवेना.